वाड्याला न्हाणीघर हवे आहे

पुण्यात वाढीव बांधकाम अडकण्याची परंपरा थेट पेशव्यांपर्यंत जाते. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली आणि पुढे वाड्याभोवती तट घालायचे काम निघाले. तटाचा मोठा दरवाजा उत्तरेला, म्हणजे दिल्लीच्या रोखाने. साताऱ्याहून छत्रपती शाहू महाराजांची हरकत आली, असे सांगतात. दिल्लीकडे तोंड करून एवढा दरवाजा उभारायचा म्हणजे बादशहाला उघड डिवचणेच. काम थांबले. शाहू महाराज १७४९ मध्ये गेले आणि त्यानंतर नानासाहेबांच्या काळात दिल्ली दरवाजा पुरा झाला. मुलखाचे राजकारण ज्यांच्या हातात होते त्यांना दरवाजासाठी थांबावे लागले, मग कसबा पेठेतल्या एखाद्या निवृत्त मास्तरांना न्हाणीघरासाठी थांबावे लागले तर नवल ते काय, असे एखादा पुणेकर म्हणेल.

मला मात्र नवल वाटते. जपण्याजोग्या जुन्या घराला थोडी जोड द्यायची म्हटले की आपल्याकडे जे घडते, ते कायद्यातल्या वाक्यांमुळे घडते, साहेबांच्या स्वभावामुळे घडते आणि घरातल्या भाऊबंदकीमुळेही घडते. हे तीन धागे एकमेकांत इतके गुंतले आहेत की घरमालक शेवटी कंटाळतो आणि वाडा पडण्याची वाट पाहत बसतो. वाडा पडला की सगळे सोपे होते.

एक वाडा कल्पू या. कसबा पेठेतला, शंभर-सव्वाशे वर्षांचा, दोनचौकी. रस्त्याच्या अंगाला दिंडी दरवाजा, आत पडवी, चौक, सोपा, माजघर, माडीवर कडीपाट. मागच्या चौकाची एक भिंत १९६१ मध्ये पानशेतच्या पुरात गेली, ती नंतर सिमेंटात उभी केलेली. मालकांपैकी राहायला दोन भाऊ, भाडेकरू चार. माडीवर ऐंशी ओलांडलेल्या आजी. संडास परसात. म्हणजे जिना उतरायचा, चौक ओलांडायचा, पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून जपून जायचे, आणि रात्री कुणाला तरी उठवून सोबत न्यायचे. या घराचे मागणे एवढेच की माडीवर, मागच्या अंगाला, सहा बाय आठ फुटांचे न्हाणीघर व्हावे, कमोडसकट.

हा वाडा मी कल्पिला असला तरी पेठांमध्ये हिंडणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. संडास परसाच्या टोकाला ठेवण्यामागे दुर्गंधी हे एकच कारण नव्हते. टोपलीच्या संडासांच्या काळात टोपली उचलायला येणाऱ्या माणसाचे पाऊल वाड्यात पडू नये, म्हणून त्याच्यासाठी मागून बोळ ठेवलेली असे. वाड्याची मूळ रचना जशीच्या तशी जपली पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांनी त्या रचनेत हेही होते याचे भान ठेवावे. हा भाग जपण्याच्या लायकीचा नव्हता.

तर न्हाणीघर. वाटते की पहिला प्रश्न ते कसे बांधणार, कशाचे बांधणार, जुन्या लाकडाला धक्का लागेल का, असा असेल. पहिला प्रश्न निराळाच असतो. शनिवारवाड्यापासून किती मीटर?

शनिवारवाडा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक. महाराष्ट्रात अशी पावणेतीनशेहून अधिक स्मारके आहेत. पुण्यातच पाताळेश्वर आहे, आगाखान पॅलेस आहे. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. त्याखाली १६ जून १९९२ रोजी अधिसूचना निघाली आणि प्रत्येक स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र ठरले. त्यापुढचे २०० मीटर विनियमित. मध्ये काही वर्षे एक तज्ज्ञ समिती प्रतिबंधित पट्ट्यातल्या बांधकामांना अपवाद म्हणून संमती देत होती. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की असा अधिकार कायद्यात कुठेच नाही. मग २०१० च्या जानेवारीत वटहुकूम आणि मार्चमध्ये दुरुस्ती कायदा आला. त्याने हे मीटर कायद्यातच कोरून टाकले, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नावाची संस्था उभी केली, आणि प्रतिबंधित क्षेत्रात यापुढे नव्या बांधकामाला परवानगी द्यायचीच नाही असे बजावले.

आता बांधकाम कशाला म्हणायचे? कायद्याच्या व्याख्येत इमारत उभारणे तर येतेच, शिवाय असलेल्या इमारतीला आडवी किंवा उभी केलेली कोणतीही भरही येते. सहा बाय आठचे न्हाणीघर आणि सहा मजली इमारत या व्याख्येत शेजारी शेजारी बसतात. गंमत म्हणजे मोऱ्या, सार्वजनिक शौचालये, पाणी आणि विजेची सार्वजनिक कामे याच व्याख्येतून वगळली आहेत. म्हणजे दिंडी दरवाजासमोर रस्त्यावर सार्वजनिक शौचालय बांधले तर कायद्याच्या लेखी ते बांधकाम नव्हे. माडीवर आजींसाठी बांधले तर मात्र बांधकाम. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग वाट नाहीच का? एक आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. कायदा तीन कामे वेगवेगळी मोजतो. बांधकाम म्हणजे नवे किंवा वाढीव. पुनर्बांधणी म्हणजे पूर्वी होते त्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा उभारणे. दुरुस्ती व नूतनीकरण म्हणजे असलेल्या इमारतीत फेरफार. शंभर मीटरच्या आत पहिली दोन नाहीत. तिसऱ्यासाठी अर्ज करता येतो, मात्र घर १६ जून १९९२ पूर्वीचे असले पाहिजे किंवा नंतर रीतसर संमतीने झालेले असले पाहिजे. त्यामुळे वाडा नव्वद मीटरवर असेल तर बाहेर जोड काढायचा विचार सोडून द्यावा आणि माडीवरच्या एखाद्या खोलीचेच न्हाणीघर करण्यासाठी अर्ज करावा. भिंतींच्या बाहेर एक वीतही जायचे नाही. घर वाढत नाही, खोली एक कमी होते, पण आजींचा जिना सुटतो.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. २०१५ पासून त्यासाठी ऑनलाइन व्यवस्थाही आहे. कायद्याने मुदती दिल्या आहेत. सक्षम प्राधिकाऱ्याने १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय प्राधिकरणाकडे धाडायचा, प्राधिकरणाने २ महिन्यांत मत कळवायचे, त्यानंतर महिन्याभरात निर्णय. साडेतीन महिने. कागदावर हे फार बरे दिसते. पण टेबलामागे बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहा. याच कायद्यात कलम ३०-सी आहे. प्रतिबंधित किंवा विनियमित क्षेत्रात बांधकाम होण्याला केंद्राच्या अधिकाऱ्याने संगनमताने हातभार लावला किंवा कानाडोळा केला, तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भ्रष्टाचाराला आळा म्हणून कलम योग्यच आहे. मात्र प्रामाणिक अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढेही ते असतेच. नकार दिल्याबद्दल कोणतेही कलम कुणाला तुरुंगात पाठवत नाही. होकार देऊन पुढे तक्रार झाली तर चौकशी त्याच्या दारी. मग फाइलवर ‘स्पष्टीकरण मागवावे’ असा शेरा पडतो आणि साडेतीन महिन्यांचे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तो भित्रा आहे असे म्हणून भागणार नाही, त्याला भ्यायला कायद्यानेच शिकवले आहे.

कायद्यात कोरलेल्या या शंभर मीटरांत फट पाडायचा प्रयत्न कुणासाठी झाला, हेही पाहण्यासारखे आहे. २ जानेवारी २०१८ रोजी लोकसभेने एक दुरुस्ती विधेयक मंजूर केले. प्रतिबंधित क्षेत्रात केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना, म्हणजे रस्ते, पूल वगैरेंना, मुभा देणारे. राज्यसभेत ते अडले आणि निवड समितीकडे गेले. ते होते सरकारच्या पुलांसाठी, त्यात आजींच्या न्हाणीघराचा उल्लेख नव्हता. २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही सरसकट शंभर मीटरच्या नियमावर बोट ठेवले. ताजमहालाला जे अंतर तेच रस्त्याकडेच्या कोसमिनाराला, याला काही तर्क नाही, हे कुणालाही पटावे. २०१० च्या कायद्यातच प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करायची तरतूद आहे. ते झाले असते तर कोणत्या स्मारकाभोवती काय चालेल आणि काय नाही, हे लिहून ठेवलेले सापडले असते. झाले ते मोजक्याच स्मारकांचे.

वाडा दीडशे मीटरवर असेल तर तो विनियमित पट्ट्यात येतो. तेथे जोड काढता येते. अर्ज तोच, वाट तीच. अडचण फक्त वेळेची.

खरी मजा पुढे आहे. वाडा शनिवारवाड्यापासून लांब आहे, पण महापालिकेच्या वारसा यादीत आहे, असे धरू. पुण्याच्या यादीत सुमारे अडीचशे वास्तू आहेत. अशा याद्यांचा देशातला श्रीगणेशा मुंबईने केला. १९९५ मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम आला, सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसरांची यादी जाहीर झाली आणि मुंबई वारसा संवर्धन समिती बसली. श्रेणी तीन. पहिलीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू, दुसरीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या, तिच्यात ‘अ’ आणि ‘ब’, आणि तिसरीत परिसराचे रूप घडवणारी साधी घरे, चाळी, बंगले.

घर यादीत गेले की भिंतीत खिळाही ठोकता येत नाही, असे आपल्याकडे सगळे म्हणतात. नियम मात्र तसे म्हणत नाही. पहिल्या श्रेणीत तो कडक आहे आणि असायलाच हवा. दुसऱ्या श्रेणीच्या ‘ब’ गटात विशिष्ट परिस्थितीत त्याच आवारात जोड किंवा वेगळी इमारत चालू शकते, असे तो सांगतो. ती मूळ वास्तूशी सुसंगत हवी, विशेषतः उंची आणि दर्शनी भाग यांबाबत, आणि तिच्यामुळे मूळ वास्तू उणी पडू नये. तिसऱ्या श्रेणीत तर आतले-बाहेरचे बदल, नवा वापर आणि जोड यांना सर्वसाधारणपणे मोकळीक आहे. अट सुसंगतीचीच.

म्हणजे पेठेतले बहुतेक वाडे ज्या श्रेणीत बसतील तिथे न्हाणीघराला नियमाची मनाई नाही. मग भीती कुठून आली? २०१२ मध्ये मुंबईत नऊशेहून अधिक वास्तू आणि परिसरांची नवी यादी प्रस्तावित झाली तेव्हा शिवाजी पार्क आणि दादरच्या रहिवाशांनी केवढा गहजब केला, ते आठवावे. मैदानाभोवतीच्या तीन-चार मजली घरांत राहणारी, चित्रपट-नाटकांवर प्रेम करणारी, परदेशी गेली की जुन्या गल्ल्यांचे फोटो काढणारी ही माणसे. त्यांनी ‘आमची घरे यादीत नकोत’ म्हणून सभा घेतल्या. त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. पण यादी जाहीर करताना, तुम्हाला लिफ्ट बसवता येईल का, गच्चीवर पत्रा टाकता येईल का, स्वयंपाकघर वाढवता येईल का, आणि त्याला किती दिवस लागतील, हे कुणी त्यांना चार ओळींत सांगितले होते का? लोकांनी नियम वाचला नाही हे खरे. तो वाचता येईल अशा भाषेत, घरपट्टीच्या बिलासोबत, त्यांच्या हातात कुणी दिला नाही हेही तितकेच खरे.

आणि ‘सुसंगत’ म्हणजे काय, यावर समितीच्या टेबलाभोवतीही एकमत नसते. १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून संवर्धनाच्या जगात एक विचार रुजला की नवी भर आपल्या काळाची म्हणून ओळखू यावी, जुन्याची नक्कल करून पाहणाऱ्याला फसवू नये. दुसरा विचार म्हणतो, शेजारच्यासारखे दिसू द्या, कशाला उगाच डोळ्यात खुपायचे. मुंबईकरांसमोर याचे ठळक उदाहरण रोज उभे असते. ताजमहाल हॉटेल १९०३ चे, आणि त्याला लागून १९७३ मध्ये उभा राहिलेला उंच टॉवर. तेव्हा वारशाचे नियमच नव्हते. टॉवरला कमानींची झालर लावून जुन्याशी नाते सांगायचा प्रयत्न केला आहे, तरी उंचीने तो घुमटाला खाऊन टाकतो. आजच्या नियमातली उंची आणि दर्शनी भाग ही दोन कलमे त्या टॉवरला लावून पाहावीत, म्हणजे ती कशासाठी आहेत ते कळते.

आपल्या वाड्यापुरते बोलायचे तर माझे मत असे की मागच्या अंगाला नक्कल नको. साध्या विटेचे, चुन्याच्या गिलाव्याचे, तिरक्या छपराचे, कोरीव महिरपीचे सोंग न आणलेले न्हाणीघर वाड्याचा मान जास्त ठेवील. फायबरचे खोटे ब्रॅकेट लावून पेशवाई थाट आणला की वाडा सजवलेल्या मंगल कार्यालयासारखा दिसायला लागतो.

पण दिसण्यापेक्षा मोठा प्रश्न पाण्याचा आहे, आणि इथे समितीने खरे तर जास्त काटेकोर व्हायला हवे. वाडा लाकडी सांगाड्यावर उभा असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर माती. भिंती बऱ्याचदा भाजक्या विटांच्या किंवा मातीच्या, चुन्यात आणि चिखलात बांधलेल्या. त्या श्वास घेतात. ओल आली तरी बाहेर जाते. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, चढत चढत तुळईच्या टोकापर्यंत पोचते, आणि भिंतीत रुतलेले ते टोक कुजते. बाहेरून काही दिसत नाही. ओलीच्या मागोमाग वाळवी येते. माडीवर तुळईच्या भरवशावर चार इंच काँक्रीट आणि टाइल टाकून न्हाणीघर केले तर वजन वाढते, गळती सुरू होते, आणि पंधरा-वीस वर्षांत माडी वाकते. अशी बिनपरवाना न्हाणीघरे कशी असतात ते पेठांत खाली उभे राहून वर पाहिले की कळते. पत्रा, प्लॅस्टिकचे पाइप, भिंतीवर हिरवी ओघळ.

चांगले करायचे तर न्हाणीघर वाड्याच्या अंगावर टेकवायचेच नाही. परसात स्वतःच्या पायावर उभा राहणारा एक लहानसा मनोरा बांधायचा, विटेचा किंवा लोखंडी सांगाड्याचा. वाड्याच्या भिंतीपासून काही इंच सुटा. माडीवरून एक लहान दार, मधल्या फटीवर पत्र्याची पन्हळ, पाण्याच्या सगळ्या नळ्या नव्या भागातच. वाड्याच्या खांबावर एक किलोचाही नवा भार नाही. उद्या कुणाला नको झाले तर मनोरा काढून टाकता येतो आणि दाराची जागा पुन्हा खिडकी होते. संवर्धनवाले ज्याला ‘मागे फिरवता येण्याजोगा बदल’ म्हणतात तो हाच. खर्चही अफाट नाही. पण हे करायला परवानगी लागते, आणि पत्र्याचे न्हाणीघर शनिवार-रविवारात उरकते. नीट काम करणाऱ्याने रांगेत उभे राहायचे आणि चोरून करणाऱ्याचे काम सोमवारी पुरे, ही आपल्या पद्धतीची सगळ्यात वाईट खोड आहे.

कागदांबद्दल थोडक्यात. मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, वाड्याचे मोजून काढलेले नकाशे, फोटो, स्थापत्य अभियंत्याचा दाखला, जाणकार वास्तुविशारदाची सही. वर नेहमीच्या बांधकाम खात्याचे प्रश्न: बाजूची मोकळी जागा किती? दोन्ही अंगांनी शेजाऱ्याशी सामाईक भिंत असलेल्या वाड्याला हा प्रश्न विचारणे म्हणजे शुद्ध विनोद, पण तक्त्यात रकाना असतो आणि तो भरावा लागतो. विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा दिंडी दरवाजातून जात असेल तर आणखी एक फाइल.

आणि मग घरातली माणसे. मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव, वारस अकरा, दोघे अमेरिकेत, एक आत्या बोलत नाही. सगळ्यांच्या सह्या आणा. गोव्यात हे दुखणे आणखी जुनाट. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली आणि मुलांचा वाटा पक्का केला, त्यामुळे बल्कांव (दारापुढची ओसरी) असलेल्या एखाद्या देखण्या घराचे मालक पणजीपासून लिस्बन-टोरांटोपर्यंत पसरलेले असतात. पणजीतल्या फोंतेन्हासच्या संवर्धन क्षेत्रातल्या समितीकडे जाण्याआधी खरी समिती कुटुंबातच भरते.

पुण्यामुंबईत तिसरा पक्ष भाडेकरू. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी १९९९ च्या कायद्यानंतरही फारशी वितळली नाहीत. महिना शंभर रुपयांच्या आत भाडे देणाऱ्या चार बिऱ्हाडांसाठी मालक न्हाणीघर का बांधील? भाडेकरूही सही देताना बिचकतो, कामाच्या निमित्ताने आपल्याला बाहेर काढतील म्हणून. दोघांचेही भय खरे असते. ज्या वाड्यात मालक-भाडेकरू एकमेकांचा चहा पितात तिथेच काही होते.

बाकीच्यांसाठी एक आडवाट आहे, आणि ती सगळ्यात रुंद आहे. पावसाळा जवळ आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला आलेली इमारत उतरवायला सांगता येते. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. ‘सी-२’ मध्ये दुरुस्ती होऊ शकते, ‘सी-३’ मध्ये किरकोळ काम. छपराची कौले दोन पावसाळे परतली नाहीत, चौकातली मोरी तुंबू दिली, तर ‘सी-३’चा वाडा आपोआप वर सरकत ‘सी-१’ला पोचतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, सुसंगती कुणी तपासत नाही. न्हाणीघराच्या अर्जाला जी व्यवस्था शंभर प्रश्न विचारते, ती कुजणाऱ्या तुळईला एकही विचारत नाही.

पाडण्याची घाई फक्त मालकांनाच असते असेही नाही. बुधवार पेठेतला भिडे वाडा घ्या. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो वाडा. गाळेधारकांचा खटला वर्षानुवर्षे चालला, नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला, आणि डिसेंबरच्या एका रात्री पोलीस बंदोबस्तात महापालिकेने वाडा जमीनदोस्त केला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. वास्तू खिळखिळी झाली होती हे मान्य, स्मारक हवे होते हेही मान्य. पण इतकी वर्षे कोर्टकज्जा चालू असताना त्या भिंतींना टेकू देणे कुणाचे काम होते? स्मारक झाले तर ते भव्य होईल. ज्या खोलीत त्या मुली बसल्या ती खोली त्यात नसेल.

जाता जाता लंडनला डोकावून येऊ, कारण तिथल्या एका जुन्या घराच्या परवानगीत खुद्द महाराष्ट्र शासन अर्जदार होते. १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. राज्य शासनाने ते २०१५ मध्ये तीस लाखांहून अधिक पौंडांना विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते तिथे स्मारक उघडले. राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर कॅम्डेन कौन्सिलची संमती लागते. तो अर्ज गेला २०१८ मध्ये, म्हणजे आधी काम, मग कागद! पेठेतला मालक जे करतो तेच आपल्या सरकारने लंडनमध्ये केले, फक्त सातासमुद्रापार. कौन्सिलने नकार दिला. वस्तीतले एक राहते घर कमी होते, हे मुख्य कारण. शेजाऱ्यांची गर्दी-गोंगाटाची तक्रारही होती.

पुढे जे झाले ते शिकण्यासारखे आहे. अपील झाले, २०१९ मध्ये सार्वजनिक चौकशी भरली, निरीक्षकाने दोन्ही बाजू ऐकल्या, आणि मार्च २०२० मध्ये मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संमती दिली. त्या घराचे महत्त्व एका निवासी जागेच्या नुकसानीपेक्षा जड, असा कौल. नकार असो की होकार, कारणे लेखी आणि सगळ्यांना वाचता येतील अशी. इंग्लंडमध्ये यादीतल्या वास्तूंच्या नोंदी चार लाखांच्या घरात आहेत, त्यांतल्या पहिल्या श्रेणीतल्या जेमतेम अडीच टक्के. बाकीच्यांत माणसे राहतात, स्वयंपाकघरे वाढवतात, माळ्यावर खोल्या काढतात. संमतीच्या अर्जाला शुल्क नाही, आणि संमतीविना काम केले तर तो फौजदारी गुन्हा. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही, तिथलेही लोक अधिकाऱ्यांच्या नावाने खडे फोडतात. पण आधीच्या अर्जांवर काय निर्णय झाला ते वाचून घरमालक आपला नकाशा सुधारतो. आपल्या वारसा समित्यांचे निर्णय असे कारणांसह, श्रेणीवार, मराठीत, घरमालकाला सहज सापडतील अशा जागी मांडले, तर निम्मे अर्ज पहिल्या फेरीतच सुधारून येतील.

महापालिकेने आणखी एक करावे. तिसऱ्या श्रेणीच्या आणि ‘दोन-ब’ गटाच्या घरांसाठी लहान जोडांची वेगळी वाट काढावी. रस्त्यावरून न दिसणारे, मागच्या अंगाचे, स्वतःच्या पायावर उभे, शंभर चौरस फुटांच्या आतले काम असेल तर समितीच्या बैठकीची वाट पाहायला लावू नये. वारसा कक्षाच्या एका अभियंत्याने येऊन पाहावे आणि महिन्याभरात हो किंवा नाही लिहून द्यावे, नाही असेल तर का ते सांगावे. शंभर मीटरचा प्रश्न दिल्लीचा आहे, हा मात्र इथेच सुटण्यासारखा आहे.

आणि ज्यांच्याकडे असे घर आहे त्यांनी समितीची, सरकारची वाट न पाहता या दिवाळीच्या सुटीत दोन कामे उरकावीत. भावंडे जमलेली असतात तेव्हा वाड्याचे मोजून नकाशे काढून घ्यायचे ठरवावे आणि खर्च वाटून घ्यावा. आणि माळ्यावरच्या ट्रंका उघडून १६ जून १९९२ पूर्वीची घरपट्टीची पावती, विजेचे बिल, जुना मंजूर नकाशा, जे सापडेल ते काढून त्याच्या प्रती सगळ्यांनी ठेवाव्यात. घर शंभर मीटरच्या आत असेल तर ते त्या तारखेआधी उभे होते हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि अशा पावत्या अनेकदा रद्दीत जातात.